विक्रीच्या वहीला प्रश्न विचारू या

आमच्या महाविद्यालयाजवळ एक माध्यमिक शाळा आहे. त्या शाळेत विद्यार्थ्यांनी चालविलेले एक छोटेसे वस्तुभांडार आहे. जिन्याखालची खोली, दोन कपाटे आणि एक टेबल, एवढाच त्याचा पसारा. मधल्या सुट्टीत तेथे वह्या, पेने, आलेख वह्या आणि कंपासपेट्या मिळतात. पाळीपाळीने दोन मुले विक्रीला बसतात. एक जण वस्तू देतो आणि पैसे घेतो. दुसरा वहीत नोंद करतो.

डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीस त्या शाळेतील गणिताच्या बाई आणि नववीतील भांडारप्रमुख मुलगी अशा दोघी माझ्याकडे आल्या. मुलीच्या हातात तीन जाडजूड वह्या होत्या. बाई म्हणाल्या, "सर, भांडारात काही राम राहिलेला नाही, जानेवारीपासून ती खोली क्रीडा साहित्याला द्यावी, असे मुख्याध्यापकांच्या मनात आहे. मुले म्हणतात, विक्री तर भरपूर होते. सहा महिन्यांच्या नोंदी या वह्यांत आहेत. यातून खरे काय ते कसे काढायचे?"

मी वह्या चाळल्या. अक्षर कधी सुवाच्य, कधी घाईचे. पण नोंद चुकलेली दिसत नव्हती. सहाशेच्या आसपास नोंदी होत्या. म्हणजे उत्तराला लागणारी बरीचशी माहिती त्या वह्यांत होती. तरीही पाने उलटून उत्तर सापडत नव्हते. असे का व्हावे?

वहीचा क्रम आणि प्रश्नाचा क्रम

वही ज्या क्रमाने लिहिली जाते, त्याच क्रमाने ती वाचता येते. भांडाराची वही तारखेच्या क्रमाने लिहिलेली होती. "५ ऑगस्टला काय विकले?" असे विचारले तर ती झटकन सांगेल. पण "आलेख वह्या एकूण किती विकल्या?" असे विचारले की तिन्ही वह्यांतील प्रत्येक पान पाहणे आले. आणि हे संपते न संपते तोच कोणी "कोणत्या महिन्यात किती?" असे विचारले, की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात!

आपल्याकडील व्यापाऱ्यांना ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून ते दोन वह्या ठेवत. रोजच्या व्यवहारांची नोंद कीर्दीत व्हायची. मग कीर्दीतील प्रत्येक रक्कम त्या त्या खात्यावर उतरवून खतावणी तयार व्हायची. म्हणजे तारखेचा क्रम मोडून खात्याचा क्रम लावायचा. हे काम मुनीम आणि कारकून तासन्‌तास करीत. पण खतावणीही एकाच क्रमाची. प्रश्न बदलला की खतावणी नवी हवी.

व्यवहारांच्या ढिगातून असे प्रश्न सोडवून, पुढे काय करावे हे ठरविण्याच्या कौशल्याला आज बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. येथे 'इंटेलिजन्स' म्हणजे हुशारी असे समजू नका. 'गुप्तवार्ता' या शब्दातील 'वार्ता' त्याच्या अधिक जवळ आहे. आपल्या व्यवसायात काय चालले आहे याची खरी वार्ता मिळविणे, असा त्याचा भाव आहे. १९५८ साली आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी या नावाचा एक लेख लिहिला. कंपनीत येणाऱ्या कागदपत्रांचा गोषवारा यंत्राने काढावा आणि ज्याला ज्याचा उपयोग आहे त्याच्याकडे तो पोचवावा, अशी त्यांची योजना होती. समोर आलेल्या गोष्टींमधील परस्परसंबंध ओळखून त्यावरून कृतीला दिशा देणे, हा अर्थ त्यांनी धरला होता. हेच लून बँकेच्या कार्डावरील क्रमांक चुकीचा तर नाही ना, हे तपासण्याच्या रीतीचेही जनक आहेत.

पण नाव रूढ होण्यापूर्वीच हे काम एका अगदी अनपेक्षित ठिकाणी सुरू झाले होते.

चहागृहांचा संगणक

लंडनमध्ये जे. लायन्स नावाची कंपनी होती. भरभराटीच्या काळात तिची दोनशेहून अधिक चहागृहे होती. चहा, पाव, केक, बिस्किटे! या पदार्थांची गंमत अशी की जास्त केले तर शिळे होऊन फुकट जातात, कमी केले तर गिऱ्हाईक परत जाते. दोन्हीकडून नुकसान. आपल्या भांडाराच्या प्रश्नाचेच हे मोठे रूप.

१९४७ साली या कंपनीचे दोन अधिकारी कचेरीतील कामाच्या नव्या पद्धती पाहण्यासाठी अमेरिकेस गेले. तेथे त्यांना कळले, की आपल्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स हे शास्त्रज्ञ एक इलेक्ट्रॉनिक संगणक बनवीत आहेत. लायन्सने त्या कामाला पैशांची मदत केली आणि पुढे त्याच धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. जॉन पिंकर्टन हे त्याचे अभियंता होते. 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस' या नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला 'लिओ' म्हणत. लिओ म्हणजे लॅटिन भाषेत सिंह! नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओने बेकरीतील मालाच्या किमतीचा हिशेब सुरू केला. कचेरीचे नित्याचे काम करणारा हा जगातील पहिला संगणक मानला जातो.

लिओची स्मृती ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची होती! नळीच्या एका टोकाला क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. विजेचा स्पंद त्याला दिला की तो थरथरतो आणि पाऱ्यात ध्वनीचा स्पंद निघतो. दुसऱ्या टोकाचा स्फटिक त्या स्पंदाचे पुन्हा विजेत रूपांतर करतो. तो बलवान करून परत पहिल्या टोकाला द्यायचा, की स्पंदांची माळ नळीत फिरत राहते. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४५० मीटर असतो. नळी दीड मीटर लांब धरली तर एका फेरीला सुमारे एक हजारांश सेकंद लागेल. तेवढ्या वेळात जेवढे स्पंद नळीत मावतील तेवढी तिची स्मृती. अशा सगळ्या नळ्या मिळून लिओची स्मृती नऊ किलोबाइटही भरत नव्हती. आज मोबाइलमधील एक साधे छायाचित्रही त्याहून पुष्कळ जास्त जागा घेते.

एवढ्या तुटपुंज्या स्मृतीच्या यंत्राकडून लायन्सने १९५४ पासून चहागृहांच्या मागणीचे काम करून घेतले. प्रत्येक चहागृहाची वारानुसार एक ठरावीक मागणी असे. चालिका दूरध्वनीवरून फक्त फरक कळवीत असे. "उद्या एवढे पाव जादा, एवढे केक कमी," असे ऐकता ऐकताच कर्मचारी भोके पाडून कार्ड तयार करीत. त्यावरून लिओ कोणता माल किती बनवायचा आणि कोठे किती पाठवायचा, याच्या याद्या काढीत असे. या कामांची आखणी करणाऱ्यांत डेव्हिड कॅमिनर हे प्रमुख होते. त्यांची माणसे आधी चहागृहातील आणि कचेरीतील काम नीट समजून घेत आणि कोणाला कोणता निर्णय घ्यायचा आहे ते पाहून मगच यंत्राला आज्ञा लिहीत.

लिओची एक मर्यादा मात्र होती. प्रत्येक नव्या प्रश्नासाठी तज्ज्ञांना नवी आज्ञावली रचावी लागे. सामान्य माणसाने साध्या शब्दांत प्रश्न विचारावा आणि यंत्राने उत्तर द्यावे, ही सोय होण्यास आणखी वीस वर्षे लागली.

कॉड यांची कोष्टके

ही सोय ज्यांच्यामुळे झाली त्यांचे नाव एडगर कॉड. जन्माने इंग्रज, शिक्षणाने गणिती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून काम केले होते. पुढे ते अमेरिकेत आयबीएम कंपनीत गेले. जून १९७० मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि डेटाबेसचे, म्हणजे माहितीच्या पद्धतशीर साठ्याचे, शास्त्रच बदलून गेले.

त्यापूर्वी माहिती शोधायची तर ती साठ्यात कोठे आणि कोणत्या वाटेने सापडेल, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. ग्रंथालयात जाऊन "तिसऱ्या कपाटातील दुसऱ्या कप्प्यातील पाचवे पुस्तक द्या," असे म्हणण्यासारखेच ते. कपाट हलविले की सगळे चुकले! कॉड म्हणाले, माहिती साध्या कोष्टकांत ठेवा. ओळींच्या क्रमाला काही अर्थ असू नये. प्रत्येक ओळ ओळखता येईल असा एक क्रमांक किंवा खूण तिच्यातच असावी. मग विचारणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे. 'कसे शोधायचे' ते यंत्राने पाहावे. वहीच्या क्रमात अडकलेल्या आपल्या प्रश्नाची सुटका नेमकी येथे झाली. या कार्याबद्दल कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आयबीएममधीलच डॉनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये असे प्रश्न विचारण्यासाठी 'सीक्वेल' नावाची भाषा तयार केली. ते नाव दुसऱ्या एका कंपनीचे व्यापारचिन्ह निघाले, म्हणून ते आखडून 'एसक्यूएल' असे केले. आज बँका, रेल्वेचे आरक्षण, दुकाने अशा असंख्य ठिकाणी ही भाषा वापरली जाते. तिचे एक सुटसुटीत सॉफ्टवेअर 'एसक्यूलाइट' रिचर्ड हिप यांनी २००० साली बनविले. ते विनामूल्य आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ते आधीपासूनच असते, आपल्याला दिसत नाही एवढेच. आम्ही भांडारासाठी तेच निवडले.

आधी साफसफाई

मुलगी म्हणाली, "सर, मग आजच सगळे भरून टाकू का?" मी म्हटले, "थांब. आधी मला सांग, तुमच्या वहीत आलेख वही कोणत्या नावाने लिहिली आहे?"

तिने पाने चाळली. कोठे 'आलेख वही', कोठे 'ग्राफ वही', कोठे नुसतेच 'ग्राफ'. आपल्याला हे तिन्ही एकच. यंत्राला त्या तीन निरनिराळ्या वस्तू! तसेच तारखांचे. कोणी '५/८' लिहिले होते, कोणी '५ ऑगस्ट', तर कोणी नुसताच 'सोमवार'.

म्हणून आम्ही दोन कोष्टके आखली. पहिले 'वस्तू' या नावाचे. त्यात चार रकाने: वस्तूचा क्रमांक, नाव, खरेदीचा दर आणि विक्रीचा दर. वही १, पेन २, आलेख वही ३, कंपासपेटी ४. दुसरे कोष्टक 'विक्री' या नावाचे. त्यात नोंदीचा क्रमांक, तारीख, वस्तूचा क्रमांक आणि नग. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी, २०२४-०८-०५ या पद्धतीने लिहायची. असे केले की तारखा आपोआप कालक्रमाने लागतात.

येथे दोन नियम लक्षात ठेवा. एका ओळीत एकच घटना. आणि कोणतीही गोष्ट एकाच जागी लिहायची. आलेख वहीचे नाव आणि दर 'वस्तू' कोष्टकात एकदाच लिहिले. विक्रीच्या ओळीत फक्त '३' हा क्रमांक. यंत्र त्या क्रमांकाचा धागा धरून दोन्ही कोष्टके जोडते. विकत घेणाऱ्याचे नाव मात्र आम्ही कोठेच घेतले नाही. आमच्या प्रश्नांना त्याची गरज नव्हती, आणि गरज नसताना कोणाची माहिती साठवू नये.

तीन दिवस चार मुले मधल्या सुट्टीत बसून नोंदी भरीत होती. एक वाचायचा, एक भरायचा, आणि दुसरी जोडी तपासायची. सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ याच पायरीला लागला. प्रयोगशाळेतही असेच होते ना? वाचन घेण्यापूर्वी उपकरण जुळविण्यातच तास निघून जातो.

चार ओळींचा प्रश्न

आता पहिला प्रश्न: कोणती वस्तू किती विकली गेली? एसक्यूएलमध्ये तो असा विचारतात. (यंत्रावर आज्ञेचे शब्द इंग्रजी लिपीत टाइप करायचे असतात.)

सिलेक्ट वस्तू_क्रमांक, सम(नग)
फ्रॉम विक्री
ग्रुप बाय वस्तू_क्रमांक
ऑर्डर बाय सम(नग);

'सिलेक्ट' म्हणजे मला काय दाखव. 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या कोष्टकातून. 'ग्रुप बाय' म्हणजे कशानुसार गट पाडायचे. 'सम' म्हणजे त्या गटातील बेरीज. 'ऑर्डर बाय' म्हणजे उत्तरे कोणत्या क्रमाने मांडायची. यातील 'ग्रुप बाय' म्हणजे आपली खतावणीच! फरक एवढाच की 'वस्तू_क्रमांक' ऐवजी 'तारीख' लिहिले की दुसऱ्याच क्षणी दिवसवार खतावणी तयार.

दुसऱ्या प्रश्नात आम्ही दोन्ही कोष्टके जोडली. त्यासाठी 'जॉइन' हा शब्द आहे. विक्रीचे नग गुणिले विक्रीचा दर, म्हणजे एकूण विक्री. नग गुणिले दोन दरांतील फरक, म्हणजे नफा. मिळालेले उत्तर पुढे दिले आहे. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून मी येथे आकडे सुटसुटीत करून घेतले आहेत.

वही: ३०० नग, विक्री ८,४०० रुपये, नफा ३०० रुपये
पेन: ४०० नग, विक्री २,००० रुपये, नफा ४०० रुपये
आलेख वही: ६० नग, विक्री १,५०० रुपये, नफा ३०० रुपये
कंपासपेटी: १० नग, विक्री १,००० रुपये, नफा १०० रुपये

एकूण विक्री १२,९०० रुपये आणि नफा १,१०० रुपये. मुले म्हणत होती विक्री भरपूर आहे, ते खरेच होते. मुख्याध्यापक म्हणत होते हाती काही उरत नाही, त्यातही तथ्य होते. दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते! एकूण विक्रीत साध्या वहीचा वाटा जवळजवळ दोनतृतीयांश. पण तिच्या एका नगामागे सुटत होता अवघा एक रुपया. उलट ६० आलेख वह्यांनी ३०० वह्यांइतकाच नफा दिला होता. ही गोष्ट तीन वह्यांत सहा महिने पडून होती, पण कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

शून्याचे दोन अर्थ

साहजिकच आलेख वहीबद्दल पुढचा प्रश्न निघाला: कोणत्या महिन्यात किती विकल्या? यंत्राने उत्तर दिले ते फक्त तीन ओळींचे.

जून २४, जुलै २०, ऑगस्ट १६.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर यांच्या ओळीच नव्हत्या. मुलीने कागदावर त्या महिन्यांपुढे शून्य लिहिले आणि म्हणाली, "सर, मागणी कमी कमी होत गेली आणि ऑगस्टनंतर संपलीच. म्हणजे आलेख वही ठेवण्यात अर्थ नाही."

मित्रांनो, तुम्हांला हे पटते का? क्षणभर वाचन थांबवून विचार करा.

मी भौतिकीचा शिक्षक. अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर दिसला की आम्ही लगेच 'प्रवाह नाही' असे लिहीत नाही. तार सुटली आहे का, फ्यूज गेला आहे का, हे आधी पाहतो. प्रवाह शून्य असणे आणि मोजणेच न होणे या निराळ्या गोष्टी आहेत. मी तिला विचारले, "आलेख वह्या आणल्या किती होत्या?"

खरेदीच्या पावत्या बाईंच्या फायलीत होत्या. जूनमध्ये एकदाच ६० आलेख वह्या आणल्या होत्या. सहा महिन्यांत विकल्या गेल्या ६०! शेवटची २१ ऑगस्टला गेली होती. त्यानंतर कपाटात एकही नव्हती. आणि भौतिकीच्या व गणिताच्या आलेखांचे बरेचसे काम तर दुसऱ्या सत्रात असते!

मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "सर, पण मागायला येत होते की मुले. आम्ही 'संपली' म्हणून सांगायचो. पण ते कोण लिहिणार?"

हेच तर मर्म आहे! विक्रीच्या वहीत विकलेल्या वस्तूंचीच नोंद होते. जे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले, त्याची नोंद कोठेच नसते. यंत्र कितीही वेगवान असो, जे लिहिलेच नाही ते त्याला सांगता येत नाही. कॉड यांच्या पद्धतीत 'माहीत नाही' यासाठी शून्याहून वेगळी अशी एक खूण ठेवली आहे. तिला 'नल' म्हणतात. पण शून्य लिहायचे की 'नल', हे शेवटी नोंद करणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते. आमच्या मुलीने लिहिलेली तीन शून्ये खरे म्हणजे तीन 'माहीत नाही' होती.

बाईंनी विचारले, "मग पुढच्या तीन महिन्यांत महिन्याला वीस धरून साठ वह्यांची विक्री बुडाली असे म्हणावे का?" तसेही म्हणता येत नाही. तो अंदाज आहे, वाचन नव्हे. अंदाज तपासायचा तर प्रयोग करायला हवा.

मग भांडाराचे काय झाले?

आम्ही तिसरे कोष्टक आखले. त्याला मुलांनीच नाव दिले: 'नाही म्हणावे लागले'. तारीख, आणि गिऱ्हाइकाने काय मागितले ते त्याच्याच शब्दांत. बाईंनी पहिली दोन कोष्टके मुख्याध्यापकांना दाखविली आणि तिसऱ्यासाठी सुट्टीपर्यंतचे तीन आठवडे मागून घेतले. ते म्हणाले, "आकडे घेऊन आलात हे बरे केलेत. तीन आठवडे घ्या."

तीन आठवड्यांनी कोष्टक उघडले. आलेख वहीची मागणी खरोखरच होती. पण तीत एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलेली नव्हती. बहुतेक मुलांनी अख्खी वही मागितली नव्हती. त्यांनी मागितले होते 'एक ग्राफ पेपर'! घरी वही विसरलेला, किंवा एकाच आलेखासाठी कागद हवा असलेला विद्यार्थी पंचवीस रुपयांची वही कशाला घेईल? त्याला सुटा कागद हवा होता, आणि तो भांडारात कधी ठेवलाच नव्हता. गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे लिहिले म्हणून हे कळले. 'आलेख वही' असे आपणच सुधारून लिहिले असते तर हेही हरवले असते.

जानेवारीत भांडाराने थोड्या आलेख वह्या आणि सुटे आलेखपत्र आणले. साध्या वह्यांची खरेदी एकदम न करता दोन खेपांत केली. क्रीडा साहित्याला मुख्याध्यापकांनी दुसरी जागा पाहिली आणि भांडाराला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली. नफा काही डोळे दिपवणारा वाढला नाही. पण जून उजाडला तेव्हा भांडार सुरू होते, आणि काय किती आणायचे याची यादी मुलांनी स्वतः कोष्टकावरून केली. प्रमुख मुलगी आता दहावीत गेली होती. जाताना तिने आपल्या जागी आलेल्या मुलाला पहिली गोष्ट कोणती शिकविली असेल? "कोणी परत गेले तर तेही लिहायचे."

तुम्ही करून पाहा

यासाठी दुकान असायलाच हवे असे नाही. वर्गाचे वाचनालय, घरचा दुधाचा हिशेब, आईबाबांच्या दुकानातील एखादी वही, काहीही घ्या.

१. महिनाभराच्या नोंदी घ्या. आधी प्रश्न कागदावर लिहा: मला काय ठरवायचे आहे आणि त्यासाठी काय कळायला हवे?

२. दोन कोष्टके आखा. एका ओळीत एक घटना. एका वस्तूला एकच क्रमांक. शाळेच्या संगणकावर एसक्यूलाइट किंवा लिबरऑफिस बेस यांपैकी काहीही चालेल. संगणक नसला तर प्रत्येक नोंदीसाठी पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी करा आणि चिठ्ठ्यांचे गट पाडा. हातांनी केलेले ते 'ग्रुप बाय'च होय.

३. तेच आकडे निदान तीन प्रकारे गटांत लावा: वस्तूनुसार, महिन्यानुसार, वारानुसार. उत्तर कोठे बदलते ते पाहा.

४. एका छोट्या गटाची बेरीज हाताने करून यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहा.

५. जेथे शून्य किंवा रिकामी जागा दिसेल तेथे थांबा. गोष्ट घडली नाही, की नोंदली गेली नाही?

आणि हा एक प्रश्न तुमच्यासाठी. आमच्या 'वस्तू' कोष्टकात विक्रीचा दर एकदाच लिहिला आहे. समजा, ऑक्टोबरमध्ये पेनाचा दर पाच रुपयांवरून सहा रुपये झाला आणि आम्ही कोष्टकात पाचाचे सहा केले. तर जूनपासूनच्या विक्रीचा हिशेब बरोबर येईल का? येणार नसेल तर कोष्टके कशी बदलावी लागतील? आपल्या शिक्षकांशी चर्चा करून उत्तर शोधा. भांडारातील मुलांना हा प्रश्न सोडवायला एक मधली सुट्टी पुरली होती.